व्हॅनमधला जनरेटर सुरू होतो, पण टिकत नाही. नेमकं कुठे पाहू?

परतवाडा_गाडी | ६ एप्रिल, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. जुनी १७ सीटर गाडी घेऊन आम्ही दोघा भावांनी तिचं फिरतं घर करून घेतलंय. मागे दोन बेड, एक ओटा, पाऊण टनाचा इन्व्हर्टर एसी. मागच्या डाव्या कोपऱ्यात पत्र्याचा कप्पा काढून त्यात पेट्रोलवरचा सेल्फ-स्टार्ट जनरेटर बसवलाय. क्षमता २.८ केव्हीए, इंजिन २०० सीसीच्या आसपास. सेकंडहँड घेतलाय, दिवाळीपर्यंत झकास चालला.

गाडी हौसेची नाही. बाबांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) लागतो, म्हणून चार वर्षं ते गावाबाहेर मुक्कामाला गेलेले नाहीत. ३१ वर्षं त्यांनी भूगोल शिकवला. लोणारचं विवर फळ्यावर शेकडो वेळा काढलं, पण प्रत्यक्ष पाहिलं नाही. या महिन्यात त्यांना तिथे न्यायचंय.

पाडव्यानंतर सराव म्हणून चिखलदऱ्याला एक रात्र काढायचं ठरवलं. तिथे जनरेटर सुरू झाला आणि पाच-सहा सेकंदांत बंद. दहा वेळा तेच. रात्री ११ला गाडी खाली आणावी लागली. घरी अंगणात लावला तर सुरू झाला, तीन-चार मिनिटं चालला, मग रेस वरखाली वरखाली होऊन बंद. प्लग नवा टाकला, एअर फिल्टर धुतला, ऑइल पाहिलं तर ठीक आहे. पेट्रोल अर्धी टाकी. गावातला मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर बदला. दुसरा म्हणतो प्लगला ठिणगी देणारी कॉइल गेली. खर्चाचं काही नाही, पण अंदाजाने एकेक भाग बदलत बसलो तर एप्रिल निघून जाईल. कुठून सुरुवात करू?

सिपना_काठ | ६ एप्रिल, रात्री ९:४२

चिखलदरा म्हणजे १,१०० मीटर. वर हवा विरळ, कार्बोरेटरचं मिश्रण बिघडतं. त्यामुळे असेल. वरच्या गावांत बाइकसुद्धा जड वाटते.

ओलिताचा_माणूस | ६ एप्रिल, रात्री १०:०५

भाऊ, एक काम करा न. टाकीचं झाकण ढिलं करून चालू करून पाहा. आमच्या फवारणीच्या पंपाले असंच होत होतं. झाकणाचं बारीक भोक मातीनं बुजलं होतं. टाकीत हवा जायले जागाच नाही, मंग पेट्रोल खाली उतरीन कसं? दोन मिनिटं चाले न गप्प होये. टाचणीनं भोक मोकळं केलं, दोन साल झाले, अजून चालूनच राह्यला. याले एक रुपया लागत नाही, म्हणून पहिले हेच पाहा.

निदेशक_मोटर_मेकॅनिक | ७ एप्रिल, सकाळी ६:५०

मी आयटीआयमध्ये हा ट्रेड शिकवते. दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी एकाच वाक्यात बांधल्या आहेत, आणि म्हणूनच दोन मेकॅनिक दोन गोष्टी सांगताहेत.

इंजिन बंद पडलं हे पुरेसं नाही, कसं पडलं ते सांगा. दिव्याचं बटण दाबावं तसं एकदम गप्प झालं असेल, तर ठिणगी तोडली गेली. धाप लागल्यासारखं, रेस वरखाली करत, अडखळत गेलं असेल, तर इंधन कमी पडलं. वर्गात मुलांना मी पहिल्या दिवशी डोळे मिटून ऐकायला लावते. पाना नंतर हातात घ्यायचा.

चिखलदऱ्याला पाच सेकंदांत बंद झालं तेव्हा आवाज कसा होता? अडखळला होता का? गाडी सपाटीवर होती की उतारावर? आणि ऑइल कसं पाहिलं? काडी फिरवून आत बसवली आणि मग काढून पाहिली, की नुसती टेकवून?

सिपना_काठ यांच्या मुद्द्यावर: उंचीने ताकद कमी होते हे खरं. दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के धरतात. म्हणजे चिखलदऱ्याला १२-१३ टक्के घट. पण एवढ्याने लोड नसलेलं इंजिन पाच सेकंदांत मरत नाही. एसी ओढताना दमेल, धूर काळसर होईल, इतकंच.

परतवाडा_गाडी | ७ एप्रिल, सकाळी ८:१५

मॅडम, तुम्ही विचारल्यावर आठवतंय. चिखलदऱ्याला अजिबात अडखळला नाही. टक करून गप्प. गाडी उतारावर होती, तोंड वर आणि मागचा भाग खाली. घरी मात्र धाप लागल्यासारखा जातो.

ऑइलची काडी मी पूर्ण फिरवून बसवली आणि मग काढून पाहिली. वरच्या रेघेला ओली होती.

ओलिताचा_माणूस, झाकण ढिलं करून पाहिलं. फरक नाही. भोक मोकळं आहे, फुंकून पाहिलं.

निदेशक_मोटर_मेकॅनिक | ७ एप्रिल, सकाळी ८:४०

मग पहिला आजार सापडला असं माझं मत.

या छोट्या इंजिनांत ऑइलच्या तळाशी एक फ्लोटचा स्विच असतो. ऑइल कमी झालं की तो प्लगची ठिणगी इंजिनाच्या बॉडीत उतरवून (अर्थ करून) टाकतो, म्हणजे इंजिन जाम व्हायच्या आत बंद होतं. गाडी तिरकी असली की ऑइल एका बाजूला जातं आणि पातळी ठीक असूनही फ्लोट खाली बसतो. तुमची पातळीही ठीक नसावी. अशा बहुतेक इंजिनांत काडी नुसती टेकवून पाहायची असते, आटे फिरवून नाही. आटे फिरवले की काडी जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्याहून जास्त दिसतं. तुमच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते एकदा पाहा.

सपाट जागी उभी करा, इंजिन थंड असताना काडी पुसून नुसती टेकवा आणि मग सांगा. स्विचची वायर काढून इंजिन चालवायचा सल्ला कोणी देईल. ती वायर फक्त तपासणीपुरती, ऑइल पूर्ण असताना आणि अर्ध्या मिनिटासाठीच काढायची. कायमची काढून ठेवलेली इंजिनं माझ्याकडे कनेक्टिंग रॉड तुटून आलेली आहेत.

परतवाडा_गाडी | ७ एप्रिल, दुपारी १:३०

काडी टेकवून पाहिली. टोकालाच जेमतेम ओली. १०डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल घातलं, जवळपास १७० मिली गेलं. पुस्तिकेप्रमाणे एकूण मावतं ६०० मिली. म्हणजे पाव भागाहून जास्त कमी होतं, आणि मी छातीठोकपणे ठीक आहे म्हणत होतो.

भरल्यावर मुद्दाम मागचं चाक खड्ड्यात उतरवून चिखलदऱ्याइतकाच उतार केला. आता सेकंदांत बंद होत नाही. पण तीन-चार मिनिटांत धाप लागून बंद पडणं तसंच आहे.

ओलिताचा_माणूस | ७ एप्रिल, दुपारी २:१०

एक बिमारी गेली, आता दुसरी. भाऊ, पेट्रोल कधीचं हाये टाकीत?

परतवाडा_गाडी | ७ एप्रिल, दुपारी २:२५

दिवाळीचं. भाऊबीजेनंतर गाडी शेडमध्ये उभी होती. काल अर्धा लिटर ताजं वरून टाकलं.

निदेशक_मोटर_मेकॅनिक | ७ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

आता एकच चाचणी करा. जनरेटर सुरू करा, गरम होऊ द्या, चोक पूर्ण उघडा. रेस वरखाली व्हायला लागली की चोक अर्धा ओढा. अर्ध्या चोकवर इंजिन स्थिर झालं, तर कॉइल चांगली आहे, प्लग चांगला आहे, फक्त मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. चोक हवा अडवतो, म्हणून मिश्रण पुन्हा जमतं.

आणि या सगळ्या चाचण्यांत बाबांचं मशीन कृपा करून लावू नका. ५० हर्ट्झसाठी हे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर स्थिर राहावं लागतं. फेऱ्या वरखाली झाल्या की व्होल्टेजही नाचतं. लोड हवाच असेल तर १०० वॅटचा बल्ब लावा. तो मिणमिणला की डोळ्यांनाही दिसतं.

परतवाडा_गाडी | ७ एप्रिल, संध्याकाळी ७:००

अर्ध्या चोकवर १५ मिनिटं चालला. चोक उघडला की दोन मिनिटांत बल्ब लुकलुकायला लागतो आणि बंद. अर्धा ओढला की पुन्हा स्थिर. तीन वेळा करून पाहिलं, तीनही वेळा तसंच.

चंद्रपुरी_ऊन | ७ एप्रिल, रात्री ८:२०

मग सरळ नवा कार्बोरेटर घ्या. स्वस्तातला डुप्लिकेट मिळतो, दहा मिनिटांचं काम.

निदेशक_मोटर_मेकॅनिक | ७ एप्रिल, रात्री ८:४५

याला माझा विरोध आहे. स्वस्त नकली कार्बोरेटरच्या जेटचं (पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक तोटीचं) भोक मूळ मापाचं असेलच असं नाही, मग आजच्या आजारात तिसरा मिसळतो. मूळ भाग साफ होण्यासारखा असेल तर तोच साफ करावा.

दादा, असं करा. पेट्रोलचा कॉक बंद. कार्बोरेटरच्या वाटीखाली पारदर्शक काचेचा ग्लास धरा आणि वाटीचा खालचा स्क्रू सोडा. जे येईल ते पाच मिनिटं उजेडात ठेवा. आपलं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉल हवेतली ओल धरतं. महिनोन्‌महिने उभ्या टाकीत पुरेसं पाणी जमलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. तळातलंच आधी कार्बोरेटरमध्ये जातं. वरून अर्धा लिटर ताजं घालून ते परत मिसळत नाही.

मग वाटी काढा. मधला पितळी मेन जेट बाहेर काढून आकाशाकडे धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. सुई किंवा दाभण घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होईल. वायरमधली तांब्याची एक बारीक तार आणि कार्बोरेटर क्लीनरचा फवारा पुरतो. जेटच्या वरची भोकाभोकांची नळीही काढून साफ करा, ती लोक विसरतात. वाटीतला फ्लोट जागेवर असताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका. हे सगळं उघड्यावर, इंजिन थंड असताना. जवळ बिडी, चूल काही नको.

नर्सताई_दर्यापूर | ७ एप्रिल, रात्री ९:३०

मी मेकॅनिक नाही, पण हा धागा वाचून झोप येईना, म्हणून लिहिते. वडिलांना मागच्या बेडवर झोपवणार आणि जनरेटर त्याच कोपऱ्यात. भाऊ, त्या कप्प्यातला धूर आत येत नाही ना, हे कोणी तपासलं का?

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, भोवळ येते. झोपलेल्याला तेवढंही कळत नाही. ज्यांच्या फुप्फुसांना आधीच त्रास आहे त्यांना हे लवकर भोवतं. कॉन्सन्ट्रेटर बाहेरून ऑक्सिजन आणत नाही, तो खोलीतलीच हवा ओढून गाळतो. सायलेन्सरची नळी गाडीच्या कडेच्या बाहेरपर्यंत काढा, खिडकीखाली सोडू नका. बेडच्या उंचीला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. आणि सगळे झोपलेले असताना जनरेटर चालवूच नका.

परतवाडा_गाडी | ७ एप्रिल, रात्री १०:००

ताई, मनापासून आभार. अलार्म नाही. नळी गाडीच्या पोटाखालीच संपते. उद्याच पाहतो. पण रात्री जनरेटर नाही तर बाबांचं मशीन कशावर? त्याला ३५० वॅट लागतात.

नर्सताई_दर्यापूर | ७ एप्रिल, रात्री १०:२०

रात्रीसाठी सिलिंडर. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर सांगितला असेल तर हिशेबाने १२ तास होतात, हाताशी थोडा कमीच धरा. किती प्रवाह द्यायचा ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. सिलिंडर पट्ट्याने बांधून, गॅसच्या शेगडीपासून आणि पेट्रोलपासून लांब. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावू नका.

सिपना_काठ | ७ एप्रिल, रात्री १०:४०

बॅटरीचा हिशेब मी करतो. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे ९०० हाताशी. इन्व्हर्टरची गळती धरून ३५० वॅटचं मशीन सव्वादोन तास चालेल. एका बॅटरीवर रात्र निघत नाही. दिवसा मुक्काम असेल तर जनरेटरवर मशीन आणि बॅटरी चार्जिंग, रात्री सिलिंडर, मध्ये अडचण आली तर बॅटरी. उंचीचं माझं अनुमान चुकलं, मॅडमचं बरोबर होतं.

परतवाडा_गाडी | ९ एप्रिल, दुपारी १२:१५

काल पूर्ण दिवस याच्यात गेला. वाटीतलं पेट्रोल ग्लासात धरलं. वर पिवळसर, तळाला बोटाच्या पेराएवढा पाण्यासारखा वेगळा थर. ग्लास हलवला की तो थर वेगळाच सरकतो. बाबा ओट्यावर बसून पाहत होते, घनतेवर त्यांनी नातवाला तिथेच धडा दिला.

जेट आकाशाकडे धरला तर भोक चंद्रकोरीसारखं. हिरवट चिकट थर जमला होता. तांब्याच्या तारेने आणि फवाऱ्याने साफ केला. भोकांच्या नळीची पाच भोकं पूर्ण बुजलेली होती. टाकी उतरवून रिकामी केली, आतल्या जाळीला गंज होता, ती बदलली. फिल्टर आणि नळी नवी टाकली.

आता कप्प्याचं दार उघडं ठेवून, चोक पूर्ण उघडा, बल्ब लावून सव्वा तास चालला. बल्ब जरासुद्धा हलला नाही.

ओलिताचा_माणूस | ९ एप्रिल, दुपारी १२:४०

लय बेस झालं! आता हंगाम संपला का कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. वाटी कोरडी पडते, मंग जेट जमत नाही. आम्ही पंप ठेवतो तेव्हा हेच करतो. टाकीतलं काढून मोटरसायकलीत टाका, ताजं असतानाच.

परतवाडा_गाडी | ११ एप्रिल, सायंकाळी ६:३०

मंडळी, आनंद लवकर केला. काल दुपारी ४३ अंश होते. कप्पा बंद करून, एसी लावून चालवला. २५ मिनिटं मस्त, मग पुन्हा धाप लागून बंद. लगेच सुरू होत नाही. २० मिनिटांनी एका बटणात सुरू. ऑइल पूर्ण आहे. अर्ध्या चोकवरही वाचला नाही.

चंद्रपुरी_ऊन | ११ एप्रिल, सायंकाळी ७:०५

ही तर कॉइलच. गरम झाली की ठिणगी सोडते, थंड झाली की परत देते. माझ्या ट्रॅक्टरवर फवारणीच्या इंजिनाला हेच झालं होतं.

निदेशक_मोटर_मेकॅनिक | ११ एप्रिल, सायंकाळी ७:३०

कॉइल असू शकते, हा मुद्दा बरोबर आहे. पण बदलण्याआधी तपासता येतं. बंद पडताक्षणी, गरम असतानाच, दोन गोष्टी पाहा. स्पार्क टेस्टर लावून ठिणगी येते का. उघड्या प्लगची ठिणगी पाहू नका, आसपास पेट्रोलची वाफ असते. मग कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू किंचित सोडा, पेट्रोल धारेने येतं की बुडबुडे? हात भाजेल, हातमोजे घाला, आणि सायलेन्सरवर थेंब पडू देऊ नका. पेट्रोलची नळी कुठून नेलीय तेही बघा.

परतवाडा_गाडी | १२ एप्रिल, दुपारी ४:००

ठिणगी निळी, जोरदार. कॉइल चांगली आहे. वाटीतून मात्र फुसफुस झाली, दोन थेंब आले, मग काही नाही. कॉक उघडा, टाकी भरलेली.

नवी नळी टाकताना मीच ती सोयीची म्हणून सायलेन्सरच्या बाजूने नेली. अंतर दोन बोटं. भावाने कप्प्यात थर्मामीटर बांधला. दार बंद करून २० मिनिटांनी ६८ अंश.

चंद्रपुरी_ऊन | १२ एप्रिल, दुपारी ४:२०

मग माझी कॉइल मागे घेतो. ६८ अंशात पेट्रोल नळीतच वाफ होतंय. आमच्याकडे मे महिन्यात जुन्या जीप अशाच बंद पडायच्या, लोक नळीवर ओलं फडकं गुंडाळायचे. पण फडकं हा उपाय नाही. तुमचा कप्पा स्वतःचीच गरम हवा परत ओढतोय. इंजिनाचा पंखा जिथून हवा घेतो आणि जिथे सोडतो, त्यांच्यामध्ये पत्र्याचा पडदा आहे का? नसेल तर तो आधी लावा. गरम हवा बाहेर जायची खिडकी आत यायच्या खिडकीपेक्षा मोठी ठेवा.

निदेशक_मोटर_मेकॅनिक | १२ एप्रिल, सायंकाळी ५:१०

अगदी हेच. नळी सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने न्या, वर उष्णतारोधक बाही चढवा. सायलेन्सरची नळी गाडीबाहेर वाढवताना व्यास कमी करू नका, लांब आणि अरुंद नळीने इंजिन गुदमरतं. पडदा नंतर काढता येईल असा बोल्टवर बसवा, ऑइल पाहायला हात गेला पाहिजे.

परतवाडा_गाडी | १६ एप्रिल, रात्री ९:००

फॅब्रिकेटरकडे दोन दिवस लागले. मधोमध पत्रा, खाली ३० बाय २० सेंटीमीटरची जाळी, बाहेर हवा फेकणारा १२ व्होल्टचा पंखा, पेट्रोलची नळी उजव्या बाजूने. सायलेन्सर त्याच व्यासाच्या नळीने मागच्या बंपरबाहेर. बेडच्या आणि कप्प्याच्या मधल्या फटी सील केल्या, अलार्म लावला. आज दुपारी ४४ अंशात दार बंद, एसी आणि कॉन्सन्ट्रेटर दोन्ही लावून सलग तीन तास. कप्प्यात ५२ अंश. अलार्मचा आकडा पूर्ण वेळ शून्य.

परतवाडा_गाडी | २१ एप्रिल, सकाळी ७:२०

लोणारहून लिहितोय. काल दुपारी पोहोचलो. सपाट जागा शोधायला अर्धा तास घातला, आता ती सवयच लागली. जनरेटर दुपारी चार तास चालला, रात्र सिलिंडरवर काढली. बाबा पहाटेच उठून काठावर खुर्ची टाकून बसलेत. खाली उतरणं त्यांना जमणार नाही, पण वरून पूर्ण गोल दिसतो. नातवाला सांगताहेत की बसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेली अशी विवरं जगात फार थोडी आहेत. मशीन शेजारी चालू आहे, वायर गाडीपासून पंधरा फूट लांब ओढलीय.

मॅडम, एक विचारायचं राहिलं. ऑइल नवं टाकून २० तास झाले. पुस्तिकेत पहिला बदल २० तासांनी, पुढचे १०० तासांनी लिहिलेत. जुन्या इंजिनाला उन्हाळ्यात १०० पर्यंत थांबू का?

निदेशक_मोटर_मेकॅनिक | २१ एप्रिल, सकाळी ८:०५

थांबू नका. जुनं ऑइल किती दिवसांचं होतं ते माहीत नाही आणि तुम्ही त्यातच भर घातलीय. घरी पोहोचलात की गरम असताना सगळं काढून ६०० मिली नवं भरा. आणि इतक्या उन्हात ५० तासांनी बदला. काडी टेकवूनच पाहायची. बाबांना माझा नमस्कार सांगा.